गव्हाच्या स्टार्चचे मोल : स्वीडनमधील व्होडकानिर्मितीचा धडा

दक्षिण स्वीडनमधील स्कोने प्रांतात, बाल्टिक समुद्राच्या काठी, ओहुस हे छोटे नगर आहे. जगभर विकली जाणारी ‘ॲब्सोल्यूट’ व्होडका येथेच तयार होते. लार्स ओल्सन स्मिथ या उद्योजकाने १८७९ मध्ये अखंड ऊर्ध्वपातन पद्धतीने केलेले शुद्ध मद्य बाजारात आणले. त्याच परंपरेचा आधार घेऊन १९७९ मध्ये आजची व्होडका निर्यातीसाठी सिद्ध झाली. कृषी क्षेत्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो तिच्यामागील गहू.

गहू कोणता?

हा ‘हिवाळी गहू’ म्हणजे आपला रब्बी गहू नव्हे. तो शरद ऋतूत पेरला जातो, बर्फाळ थंडी सोसल्यानंतरच फुलोऱ्यावर येतो आणि पुढील ऑगस्टच्या सुमारास काढला जातो. पावासाठी प्रथिनयुक्त गहू लागतो. व्होडकासाठी मात्र स्टार्च अधिक व प्रथिने कमी असावी लागतात. उशिरा दिलेल्या नत्रामुळे दाण्यातील प्रथिने वाढतात. म्हणून या पिकात नत्राची मात्रा व वेळ विचारपूर्वक ठरवावी लागते.

दाण्यापासून बाटलीपर्यंत

दळलेला गहू गरम पाण्यात मिसळला जातो. विकरांच्या साहाय्याने स्टार्चचे शर्करेत आणि यीस्टमुळे शर्करेचे अल्कोहोलमध्ये रूपांतर होते. उंच स्तंभांतील अखंड ऊर्ध्वपातनाने हे अल्कोहोल सुमारे ९६ टक्क्यांपर्यंत शुद्ध केले जाते आणि नंतर पाणी घालून ४० टक्क्यांवर आणले जाते. एक किलो गव्हातून व्यवहारात सुमारे ०.४ लिटर शुद्ध अल्कोहोल मिळते. म्हणजेच एक लिटर व्होडकामागे साधारण एक किलो गहू खर्ची पडतो. दाण्यातील स्टार्च घटला की हा उतारा घटतो.

चोथ्याचे मोल

किण्वनात स्टार्च संपतो. प्रथिने, तंतू व स्निग्धांश मागे उरतात. दाण्याचा सुमारे दोनतृतीयांश भाग स्टार्चचा असल्याने कोरड्या चोथ्यात प्रथिनांचे प्रमाण जवळपास तिप्पट होते. ओहुसचा हा चोथा परिसरातील गाई व डुकरांचे खाद्य बनतो.

आपल्यासाठी बोध

भारतात मका व तुकडा तांदूळ यांपासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यांतही हेच रसायन चालते, आणि त्यांचा सुका चोथा ‘डीडीजीएस’ या नावाने पशुखाद्यात येतो. मात्र बुरशीग्रस्त धान्यातील अफ्लाटॉक्सिनही चोथ्यात तितकेच एकवटते. म्हणून मका नीट वाळवूनच साठवावा.

आधारभूत किमतीच्या गहू खरेदीत ओलावा, काडीकचरा, तुटके व सुरकुतलेले दाणे पाहिले जातात. स्टार्च वा प्रथिने मोजली जात नाहीत. प्रक्रियादाराला मात्र नेमके तेच हवे असते. त्यामुळे करार करताना तो कोणत्या गुणासाठी अधिक दर देणार, तो गुण कोण व कसा मोजणार, हे पेरणीपूर्वीच लेखी ठरवून घ्यावे. वाण आणि खताचे नियोजन त्यानंतर करावे.