आधी गाणी, मग संगणक

शहापूर-मुरबाडच्या ठाकरवाड्यांत गोळा केलेली गाणी मी वीस वर्षांपूर्वी टाइप केली. ती आज माझ्या जुन्या संगणकात आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नियमित सुरक्षा-अपडेट थांबले. नवी प्रणाली घ्यावी, तर गाण्यांचे काय? त्या काळच्या अनेक मराठी फाँटांत मजकूर साठतो रोमन संकेतांत. देवनागरी फक्त दिसते. फाँट चालला नाही, की उरतात निरर्थक चिन्हे. म्हणून आधी प्रत काढली, मग युनिकोड रूपांतर. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी साठते, युनिकोडमध्ये नंतर. तिथेच चुका होतात. ओळ न् ओळ तपासतो आहे. प्रणाली शेवटी बदलेन. गाणी सांगणाऱ्या बहुतेक आजी आता नाहीत. चुकलेला शब्द कोणाला विचारणार?