हजेरी : शाळेतील आणि चौकीवरील

नगर-सोलापूर रस्त्यावरील मिरजगाव व आसपासच्या कर्जत तालुक्यात पारधी समाजाची कुटुंबे राहतात. त्यांची मुले शाळेत येऊ लागली, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु आपल्या पूर्वजांविषयी त्यांच्या कानी वर्गात काय पडते, याचा विचार आपण क्वचितच करतो. बहुधा पाठ्यपुस्तकातील धड्याआधी शेजारच्या बाकावरून आलेली शिवीच पडते.

ही शिवी एका कायद्यातून जन्मली. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे १९११ व १९२४ साली त्याची नवी रूपे आली. पारधी त्यात गोवले गेले. गुन्हा न करताही नावनोंदणी, चौकीवर हजेरी आणि गावाबाहेर जाण्यास परवाना, असा तो जाच होता. याच रस्त्याने पुढे सोलापूरला गेले की ‘सेटलमेंट’ नावाची वस्ती लागते. अशा जमातींना तेथे तारेच्या कुंपणात ठेवले जाई. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातून तो कायदा गेला, संशय मात्र उरला. हजेरीपटावर नाव पुकारले जाताना आपले पणजोबा कोणत्या हजेरीला उभे राहत, हे पारधी मुलाला आणि त्याच्या शेजाऱ्यालाही कळावयास हवे. आमच्या मते शेजाऱ्याला अधिक.

दुःखाचाच इतिहास शिकवावा, असे मात्र आम्ही म्हणत नाही. फासे विणण्याचे कसब, पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढण्याची विद्या, गुजरातीशी नाते सांगणारी स्वतंत्र बोली, हे सारे ज्ञानच आहे. (त्या बोलीला आपण ‘अशुद्ध मराठी’ म्हणून तांबडी शाई लावतो!) शिकारीला आज कायद्याने बंदी आहे, आजोबांना ठाऊक असलेली पाखरांची नावे वहीत उतरवण्यास नाही.

आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला अकोले तालुका आहे. तेथील देवगावचे महादेव कोळी वीर राघोजी भांगरे इंग्रज व सावकारांविरुद्ध उठले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. १८५७चा उठाव त्यानंतर नऊ वर्षांनी झाला. त्याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेची पायरी चढल्या नाहीत. गावरान बियाणे जपल्याबद्दल २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

२०२१ पासून १५ नोव्हेंबर हा बिरसा मुंडा यांचा जन्मदिन जनजातीय गौरव दिवस म्हणून पाळला जातो. बिरसा लहानपणी चाईबासाच्या जर्मन मिशनच्या शाळेत शिकले आणि पुढे मिशनपासून दुरावले. आपल्या शाळांनी ही दुसरी गोष्टही संकोच न करता सांगावी. मुलांनी ‘का?’ असे विचारले, तर तास तेथेच थांबवून त्यांच्याशी बोलावे. राहिलेला धडा दुसऱ्या दिवशी घेता येतो.