विश्लेषण : अक्कलदाढ काढण्याचा खर्च किती? वेदना किती दिवस? आणि काढणे खरेच गरजेचे असते का?

वयाच्या अठराव्या-विसाव्या वर्षी जबड्याच्या अगदी मागे ठणका लागतो, गाल सुजतो, तोंड नीट उघडत नाही. दंतवैद्य एक्स-रे काढायला सांगतात आणि मग कळते की अक्कलदाढ आडवी रुतली आहे, ती शस्त्रक्रिया करून काढावी लागेल. सोबत काही हजारांचा आकडा कानावर पडतो. वेदनेची भीती आणि खर्चाचा धसका या दोन्हींमुळे अनेक जण वेदनाशामक गोळ्यांवर दिवस ढकलतात. ही टाळाटाळ पुढे जास्त महाग पडू शकते. मात्र प्रत्येक अक्कलदाढ काढावीच लागते असेही नाही.

अक्कलदाढ रुतते का?

अक्कलदाढ म्हणजे तिसरी मोठी दाढ. वर दोन, खाली दोन अशा चार अक्कलदाढा साधारण १७ ते २५ या वयात येतात. माणूस ‘शहाणा’ होण्याच्या वयात येते म्हणून हे नाव. बाकीचे सगळे दात आपापली जागा घेऊन बसल्यानंतर ती येत असल्याने अनेकांच्या जबड्यात तिला जागाच उरलेली नसते. मग ती तिरकी किंवा आडवी वाढते, पुढच्या दाढेवर आदळते, हिरडीखाली अर्धवट अडकते किंवा पूर्णपणे हाडातच राहते. जगभरातील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला असता सुमारे चारपैकी एका व्यक्तीची किमान एक अक्कलदाढ अशी रुतलेली आढळते. याउलट पाचातील एकाहून अधिक जणांमध्ये किमान एक अक्कलदाढ मुळातच तयार होत नाही.

सर्वाधिक त्रास देते ती खालची, अर्धवट बाहेर आलेली दाढ. तिच्यावर हिरडीची झापड राहते. झापडीखाली अन्नकण अडकतात, ब्रश तिथे पोहोचत नाही आणि जंतुसंसर्ग होतो. हिरडी सुजते, गिळताना दुखते, तोंडाला वास येतो. चार दिवसांनी सूज उतरते, पण अडचणीची जागा तशीच असल्याने काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्रास पुन्हा उद्भवतो.

प्रत्येक अक्कलदाढ काढावी लागते का?

नाही. दाढ सरळ आली असेल, समोरच्या दाढेला नीट मिळत असेल आणि तिची स्वच्छता ठेवता येत असेल तर ती काढण्याचे कारण नाही. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २००० मध्येच मार्गदर्शक सूचना दिल्या. कोणताही आजार नसलेली रुतलेली दाढ केवळ पुढे त्रास होईल या शक्यतेपोटी काढू नये, असे त्यात म्हटले आहे. अमेरिकेत मात्र तरुण वयातच या दाढा काढून टाकण्याकडे कल अधिक राहिला आहे. म्हणजे यावर तज्ज्ञांमध्येही मतभेद आहेत.

वारंवार संसर्ग होणे, दाढ किंवा तिच्या शेजारची दाढ किडणे, शेजारच्या दाढेभोवतीचे हाड झिजणे, दाढेभोवती गाठ तयार होणे या परिस्थितीत दाढ काढण्यावर साधारण एकमत आहे. ‘अक्कलदाढेच्या रेट्याने पुढचे दात वाकडे होतात’ हे कारण अनेकदा सांगितले जाते. त्याला संशोधनाचा भक्कम आधार नाही. केवळ तेवढ्यासाठी शस्त्रक्रिया सुचवली असेल तर दुसऱ्या दंतवैद्याचे मत घ्यायला हरकत नाही.

खर्च कशावर ठरतो?

दाढ कशी आणि किती खोल अडकली आहे, यावर. वरची, पूर्ण बाहेर आलेली दाढ बहुतेकदा साध्या पद्धतीने काही मिनिटांत निघते. तिथले हाड तुलनेने मऊ असते. मोठ्या शहरांतील खासगी दवाखान्यांत यासाठी साधारण एक ते तीन हजार रुपये घेतात. खालची आडवी रुतलेली दाढ काढताना मात्र हिरडी कापावी लागते, थोडे हाड कोरावे लागते, दाढेचे तुकडे करून ते एकेक काढावे लागतात आणि शेवटी टाके घालावे लागतात. यासाठी एका दाढेमागे साधारण पाच ते पंधरा हजार रुपये लागू शकतात. महागड्या रुग्णालयांत त्याहूनही जास्त. तालुक्याच्या ठिकाणी दर सहसा कमी असतात, पण अनेकदा तोंडाचे शल्यचिकित्सक ठरावीक वारी बाहेरून येतात आणि त्यांची फी वेगळी आकारली जाते.

यात संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, साधारण पाचशे रुपयांच्या आसपास धरा. दाढेची मुळे खालच्या जबड्यातील नसेच्या अगदी जवळ दिसत असतील तर त्रिमितीय स्कॅन लागतो, त्याचे काही हजार वेगळे. तपासणी फी, औषधे, टाके काढण्याची फेरी हाही खर्च असतो. पूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया करायची ठरली तर भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह आणि खोलीचे भाडे मिळून बिल कितीतरी पटींनी वाढते. बहुतेक रुग्णांना त्याची गरज नसते. स्थानिक भूल पुरते.

बिलात न दिसणारा खर्च म्हणजे बुडणारा रोजगार. दोन-तीन दिवस आराम लागतो. रिक्षाचालक, घरकाम करणाऱ्या महिला, रोजंदारीवरील कामगार यांच्यासाठी हा आकडा दवाखान्याच्या फीइतकाच जड असतो. म्हणूनच एकाच बाजूच्या वरची आणि खालची अशा दोन्ही दाढा काढायच्या असतील तर त्या एकाच वेळी काढता येतील का, हे विचारावे. औषधांचा कोर्स आणि सुट्टी एकदाच लागते आणि दुसऱ्या बाजूने जेवताही येते.

विमा, सरकारी रुग्णालये यांचा आधार मिळतो का?

नेहमीच्या आरोग्य विम्यात दातांचे उपचार सहसा वगळलेले असतात. अपघातात इजा झाली असेल तर अपवाद. काही पॉलिसींमध्ये बाह्यरुग्ण किंवा दंतोपचारांचे वेगळे संरक्षण असते, पण त्याला मर्यादा आणि प्रतीक्षा काळ असतो. त्यामुळे शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी कंपनीकडे लेखी विचारणा करणे बरे. केंद्र सरकारी कर्मचारी आणि निवृत्तिवेतनधारकांच्या आरोग्य योजनेच्या दरपत्रकात रुतलेली दाढ काढण्याचा दर समाविष्ट आहे.

सामान्य रुग्णासाठी सर्वांत मोठा आधार म्हणजे दंत महाविद्यालये. मुंबईत सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय, तसेच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय येथे ही शस्त्रक्रिया खासगी दवाखान्याच्या तुलनेत अगदी कमी शुल्कात होते. खासगी दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागातही दर बरेच कमी असतात. इथे रांग असते, दोन-तीन फेऱ्या माराव्या लागतात आणि अनेकदा पदव्युत्तर विद्यार्थी वरिष्ठांच्या देखरेखीखाली शस्त्रक्रिया करतात. पण या विभागांत अशा दाढा रोजच काढल्या जात असल्याने हाताला सवय असते.

नेमके किती दुखते?

शस्त्रक्रिया सुरू असताना दुखू नये, यासाठीच भूल असते. इंजेक्शन टोचताना कळ येते, मग अर्धा ओठ आणि जीभ बधिर होते. भुलीमुळे वेदना थांबते, पण दाब आणि यंत्राचा आवाज जाणवत राहतो. अनेक जण त्यालाच घाबरतात. तीव्र संसर्ग असताना भूल नीट चढत नाही. म्हणून ‘आजच काढून टाका’ असा आग्रह धरला तरी दंतवैद्य अनेकदा आधी जागा साफ करून, औषधे देऊन काही दिवसांनी बोलावतात.

खरी वेदना भूल उतरल्यावर, म्हणजे दोन-चार तासांनी सुरू होते आणि पहिल्या दिवशी सर्वाधिक असते. सूज मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते. ती पाहून घाबरण्याचे कारण नाही. आठवडाभरात बहुतेक त्रास ओसरतो आणि साधारण सातव्या दिवशी टाके काढतात.

या वेदनेचा अभ्यास वैद्यकशास्त्राने फार बारकाईने केला आहे. कारण नवी वेदनाशामक औषधे तपासण्यासाठी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवरच अनेक चाचण्या होतात. कॉक्रन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात या वेदनेसाठी पॅरासिटामॉलपेक्षा आयबुप्रोफेन अधिक परिणामकारक आढळले. दोन्हींची जोड त्याहून उपयोगी ठरण्याची चिन्हेही दिसली. अर्थात जठरव्रण, मूत्रपिंडाचे विकार, दमा किंवा गर्भारपण असेल तर आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नये. भूल पूर्ण उतरण्याआधीच, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी पहिली गोळी घेतली तर वेदना आटोक्यात राहते.

गुंतागुंत कोणती होऊ शकते?

काढलेल्या जागी रक्ताची गुठळी धरते आणि तिच्या आधाराने जखम भरते. ही गुठळी निसटली तर हाड उघडे पडते आणि दोन ते चार दिवसांनी कानापर्यंत जाणारी तीव्र कळ सुरू होते. याला ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये त्याचा धोका जास्त असतो. दवाखान्यात जाऊन जखम धुऊन औषध भरून घेतले की आराम पडतो.

दुसरा धोका नसेचा. खालचा ओठ, हनुवटी किंवा जीभ काही काळ बधिर राहू शकते. बहुतेकांमध्ये ती हळूहळू पूर्ववत होते. कायमचा बधिरपणा फार थोड्या रुग्णांत राहतो, पण संमतिपत्रावर सही करण्याआधी याबद्दल विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. वरची दाढ काढल्याने नजर अधू होते, हा मात्र निव्वळ गैरसमज आहे. डोळ्यांच्या नसा वेगळ्या असतात.

राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली तरी सुपारी-गुटख्याचे व्यसन टिकून आहे. त्यामुळे तोंडाच्या आतले अस्तर कडक होऊन तोंड कमी उघडते. अशा रुग्णात शेवटची दाढ काढणे अवघड होते आणि खर्चही वाढतो.

काय काळजी घ्यावी?

पहिले २४ तास चूळ भरू नये, थुंकू नये, स्ट्रॉने काही पिऊ नये. बाहेरून गालावर बर्फ थोडा थोडा वेळ लावावा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या कराव्यात. मऊ वरण-भात, पेज, ताक, गार केलेली खिचडी चालते. चिवडा, फरसाण, तिखट रस्सा आठवडाभर नको. तंबाखू, मिश्री, सिगारेट पूर्ण बंद. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर ती आपल्या मनाने थांबवू नये. आधी डॉक्टरांना सांगावे.

दुखऱ्या हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवण्याचा प्रकार सर्रास चालतो. त्याने हिरडी भाजते, संसर्ग जात नाही. लवंगेने तात्पुरते बरे वाटते, इतकेच.

कधी थांबू नये?

तोंड एक-दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नसेल, ताप असेल, सूज जबड्याखालून गळ्याकडे पसरत असेल, थुंकी गिळता येत नसेल किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर दवाखान्याच्या वेळेची वाट पाहू नये. दाढेचा संसर्ग गळ्यात उतरला तर श्वासनलिकेवर दाब येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. अशा वेळी थेट मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा. तिथे अतिदक्षता विभागाचे एका दिवसाचे बिलच अनेकदा दाढ काढण्याच्या खर्चाहून जास्त होते.