खुब्याची दुर्बीण शस्त्रक्रिया : छेदाआधीची तयारी

खुबा हा शरीरातील सर्वांत खोल आणि घट्ट बसलेल्या सांध्यांपैकी एक असून, त्यात मांडीच्या हाडाचा गोल माथा ओटीपोटाच्या हाडातील उखळीत सामावलेला असतो आणि उखळीच्या काठावरचे लॅब्रम नावाचे कूर्चेचे कडे त्याला हवाबंद धरून ठेवते. न्यूयॉर्कच्या मायकेल बर्मन यांनी १९३१ मध्ये मृतदेहांवरील अभ्यासातून माथा आणि उखळ यांच्यामध्ये सुई घालणे अशक्य असल्याचे मत नोंदवले होते. पुढे पाय ताणून सांध्यात जागा करण्याचे तंत्र विकसित झाले, तेव्हाच ही वाट खुली झाली.

भूल दिल्यावर रुग्णाला पाठीवर किंवा निरोगी कुशीवर निजवतात; दोन्ही पद्धती मान्य आहेत. पावलांना जाड अस्तर लावून ती ताण देणाऱ्या उपकरणात बसवतात आणि जांघेत रुंद, मऊ गादीचा खांब असा ठेवतात, की त्याचा दाब मधोमध न येता शस्त्रक्रियेच्या बाजूच्या मांडीवर यावा. त्यानंतर क्ष-किरणांच्या चलत्-चित्रात पाहत, सांध्यात साधारण ८ ते १० मिलिमीटर फट पडेपर्यंत पाय हळूहळू ताणला जातो. हाच ताण अपायाचेही कारण ठरू शकतो, कारण तो अधिक किंवा दीर्घकाळ राहिल्यास जननेंद्रियांकडे जाणारी प्युडेंडल नस दबून बधिरता येते. म्हणून तो सलग दोन तासांपलीकडे जाऊ न देण्याचा दंडक आहे. काही शल्यविशारद आता खांब न वापरता, घसरण रोखणारी गादी आणि डोक्याकडे उतरते टेबल यांच्या साहाय्याने ताण देतात.

पहिली पोकळ सुई सांध्यात शिरताच आतील निर्वात अवस्था मोडते आणि फट आणखी सैल होते. सुईतून बारीक तार सरकवून, तिच्यावरून नळी आत नेली जाते व ७० अंश तिरकस पाहणारी दुर्बीण बसवली जाते. पुढील छेद मात्र मांडीच्या पुढच्या भागातील रक्तवाहिन्या आणि त्वचेकडील नस टाळून, दुर्बिणीतून पाहतच घेतात. फाटलेले लॅब्रम हाडात रुतवलेल्या सूक्ष्म खुंट्यांच्या धाग्यांनी शिवले जाते. नंतर ताण सोडून, खुबा वाकवून मांडीच्या हाडाच्या मानेवरील जादा उंचवटा घासून काढतात. हा उंचवटा तसाच राहिला, तर शिवलेल्या लॅब्रमवर पुन्हा आघात होत राहतो.

छेद काही मिलिमीटरचे असले, तरी ही शस्त्रक्रिया लहान मानणे चुकीचे आहे. सांध्याची झीज फार झालेली असल्यास तिचा लाभ मर्यादितच राहतो. म्हणूनच रुग्णाने होकार देण्यापूर्वी कूर्चा कितपत शाबूत आहे, पाय किती वेळ ताणला जाईल आणि शल्यविशारदाला या तंत्राचा किती सराव आहे, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत.