घरी बनवलेल्या पीसीबीवर अतिनील शाईने खुणांची छपाई

या टिपणाची सुरुवात माझ्याच एका चुकीने करतो. प्रयोगशाळेसाठी मी एक पॉवर सप्लायचा बोर्ड बनवला होता. ट्रॅक स्वच्छ होते, सोल्डरिंगही नीट जमले असते. पण बोर्डावर एकही खूण नव्हती, कारण मला सगळे पाठ होते. पुढच्या सत्रात एका विद्यार्थिनीने त्यावर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उलटा बसवला. वीज देताच तो फुटला. सुदैवाने ती बोर्डावर वाकलेली नव्हती. चूक तिची नव्हती. धन टोक कोणते, हे बोर्डाने तिला सांगितलेच नव्हते.

घटकांचे क्रमांक, डायोडची दिशा, आयसीची पहिली पिन आणि कनेक्टरवरचे व्होल्टेज या खुणांना सिल्कस्क्रीन किंवा लेजंड म्हणतात. अतिनील म्हणजे यूव्ही प्रकाशाने घट्ट होणाऱ्या पांढऱ्या शाईने त्या घरीही छापता येतात.

तत्त्व

ही शाई वाळत नाही, ती घट्ट होते. तिच्यात अॅक्रिलेट जातीचे रेणू, रंगद्रव्य आणि फोटोइनिशिएटर असतो. प्रकाश पडला की फोटोइनिशिएटरपासून मुक्त मूलके तयार होतात आणि अॅक्रिलेटचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन जाळे बनते. जिथे प्रकाश पोहोचत नाही तिथे शाई ओलीच राहते आणि पुसता येते.

म्हणून आपली फिल्म निगेटिव्ह हवी: अक्षरे पारदर्शक, बाकी सगळे काळे. टोनर ट्रान्सफरमध्ये काळे ते टिकते. इथे बरोबर उलट.

थर पातळ का हवा?

पांढऱ्या शाईतला टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील प्रकाश शोषतो आणि विखुरतो. समजा, दर १० मायक्रॉनला प्रकाश निम्मा होतो. मग २० मायक्रॉनच्या थराच्या तळाशी २५ टक्के प्रकाश पोहोचेल, ४० मायक्रॉनच्या तळाशी फक्त ६.२५ टक्के. म्हणजे जाडी दुप्पट केली, तर तळ घट्ट होण्यास चौपट वेळ लागेल! तेवढ्या वेळात विखुरलेला प्रकाश काळ्या भागाखाली शिरून अक्षरे फुगवतो. वेळ कमी दिला, तर वरची साय घट्ट होते आणि तळ कच्चा राहतो. नखाने खरवडले की अक्षर निघून येते.

कृती

१. सोल्डर मास्क पूर्ण घट्ट झालेला बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या.

२. कीकॅडसारख्या सॉफ्टवेअरमधून सिल्कस्क्रीनचा थर निगेटिव्ह आणि आरशातल्यासारखा उलटा करून लेझर प्रिंटरने पारदर्शक शीटवर छापा. अक्षरांची उंची १.५ मिमी आणि रेषेची जाडी ०.२ मिमी ठेवून सुरुवात करा. पॅडवर अक्षर येऊ देऊ नका. तिथे सोल्डर धरणार नाही. बोर्डाच्या कोपऱ्यांवर जुळवणीसाठी पारदर्शक खुणा ठेवा.

३. बोर्ड कोरडा असतानाच फिल्म जुळवा आणि एका कडेला चिकटपट्टीने बिजागरीसारखी अडकवा. शाई लावल्यावर जुळवत बसलात, तर सगळे सरकेल.

४. फिल्म उचलून शाईचा लहान थेंब ठेवा. त्यावर स्वयंपाकघरातले पातळ पारदर्शक प्लास्टिक पसरा. जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे हलकेच शाई ओढा. खालचे ट्रॅक अंधुक दिसू लागले की थांबा. हे प्लास्टिक हवाही अडवते. हवेतला ऑक्सिजन मुक्त मूलके निकामी करतो आणि पृष्ठभाग चिकट राहतो.

५. फिल्म खाली आणा. टोनरची बाजू खाली हवी आणि वरून अक्षरे सरळ वाचता यायला हवीत. टोनर वर राहिला, तर शीटच्या सुमारे ०.१ मिमी जाडीतून तिरपा प्रकाश कडांखाली शिरतो आणि रोमन 'बी'च्या पोकळ्या भरून जातात. वर साधी काच दाबून ठेवा.

६. यूव्ही दिव्याखाली धरा. नेलपॉलिशचा दिवाही चालतो.

७. प्लास्टिक सावकाश सोला. अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापडाने कच्ची शाई हलक्या हाताने पुसा. नंतर फिल्मशिवाय पुन्हा प्रकाश देऊन अक्षरे पक्की करा.

८. छिद्रे शेवटी पाडा, म्हणजे त्यांत शाई भरणार नाही.

वेळ कशी ठरवायची?

दिवा, अंतर आणि शाई बदलली की वेळ बदलते. दुसऱ्याचा आकडा उपयोगी पडत नाही. टाकाऊ तुकड्यावर शाई लावून वर अक्षरांची फिल्म ठेवा. सगळे पुठ्ठ्याने झाका आणि दर ३० सेकंदांनी पुठ्ठा एक सेंटिमीटर मागे सरकवा. पुसल्यावर ज्या पट्टीत अक्षर टिकते आणि पोकळ्याही मोकळ्या राहतात, ती तुमची वेळ.

काळजी

कच्च्या शाईने त्वचेला ॲलर्जी होऊ शकते. नायट्राइलचे हातमोजे घाला. दिव्याकडे थेट पाहू नका. अल्कोहोलजवळ ज्योत किंवा गरम सोल्डरिंग आयर्न नको. पुसलेली कापडे उघड्यावर सुकवून, उन्हात ठेवून शाई घट्ट झाल्यावरच टाका.

स्वाध्याय

तुमचा एखादा बोर्ड तो कधीही न पाहिलेल्या मित्राच्या हाती द्या. सर्किटची आकृती दाखवू नका. घटक कुठे आणि कोणत्या दिशेने बसवायचे, हे तो कुठे अडखळत विचारतो ते लिहून ठेवा. त्याचा प्रत्येक प्रश्न म्हणजे बोर्डावर राहून गेलेली एक खूण आहे.