क्लच किट आणलं, म्हणजे तयारी झाली?

‘पेडल बिघडलं, म्हणजे क्लच प्लेट गेली.’ क्लच घरीच बदलायचा म्हणून खरेदीला निघण्याआधी हा समज तपासून घ्यावा. कसारा घाटात किंवा सप्तशृंगी गडाच्या चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनचे फेरे वाढतात, पण गाडी ओढत नाही, तेव्हा प्लेट घसरते आहे असं समजावं. पेडल तळाला जात असेल किंवा गिअर पडताना कुरकुर होत असेल, तर आधी संशय दुसरीकडे घ्यायचा. केबलवर चालणाऱ्या गाडीत केबल ताणली गेलेली असू शकते. हायड्रॉलिक गाडीत मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडर गळत असू शकतो. बऱ्याच गाड्यांत ही दुरुस्ती गिअरबॉक्सला हात न लावता होते. मात्र काही गाड्यांचा स्लेव्ह सिलिंडर रिलीज बेअरिंगसोबतच घंटीच्या (बेल हाउसिंगच्या) आत बसवलेला असतो. तिथे सुटका नाही.

प्लेटच घसरते आहे हे पक्कं झालं, की दुसरा समज उभा राहतो: ‘नुसती प्लेट बदलू, बाकीचं ठीक आहे.’ या कामात खरी मेहनत गिअरबॉक्स उतरवण्याची आणि चढवण्याची. प्लेट तर पाच-सहा बोल्टांच्या मागे असते. म्हणून जे जे गिअरबॉक्स खाली आल्यावरच हाताला लागतं, ते सगळं त्याच वेळी बदलायचं. प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तर हवंच. बोलेरो किंवा स्कॉर्पिओसारख्या उभ्या इंजिनाच्या गाडीत पायलट बेअरिंगही बघावं. क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील या किरकोळ वस्तू. पण त्यांतलं एक जरी गळत राहिलं तरी नवी प्लेट तेलात भिजते आणि पुन्हा घसरू लागते. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत ड्राइव्ह शाफ्ट काढताना गिअर ऑइल बाहेर येतं, म्हणून शाफ्टची सीलं, हबचे नवे नट आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं ऑइल यादीत आधीच असावं.

आता खास नाशिकचा समज. ‘महिंद्राचा कारखाना सातपूरला, तेव्हा पार्ट इथे कारखान्याच्या भावात मिळणार.’ बोलेरो इथेच बनते, २००२ साली आलेली स्कॉर्पिओही इथल्याच कारखान्यातून बाहेर पडली. पण सुटे भाग कारखान्याच्या गेटवर विकले जात नाहीत, ते वितरक आणि दुकानदारांमार्फतच येतात. ‘कंपनीतून निघालेला माल’ म्हणून कोणी बिलाशिवाय स्वस्तात देत असेल, तर तो नाकारलेला, चोरलेला किंवा नकली असण्याचीच शक्यता धरावी. उलट, गाडीच्या कंपनीचा शिक्का नसलेला खोका म्हणजे डुप्लिकेट, हेही खरं नाही. वालिओ, लूक, एक्सेडी हे क्लच बनवणारे मूळ उत्पादक आहेत. गाड्यांच्या कंपन्यांनाही तेच माल पुरवतात. दुकानात नुसतं ‘बोलेरोचा क्लच द्या’ म्हणू नका. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक इंजिन बदलतं, प्लेटचा व्यास आणि दातेही बदलतात. चासी नंबर सांगा, आणि नवी प्लेट इनपुट शाफ्टवर सरकवून बघितल्याशिवाय बसवू नका.

सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींचा खरा फायदा वेगळाच आहे. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा केसासारख्या भेगा दिसल्या, तर लेथ आणि ग्राइंडिंगची वर्कशॉपं तिथे हाकेच्या अंतरावर आहेत. डाग वरवरचे असतील तर तोंड साफ करून मिळतं. भेगा खोल असतील तर फ्लायव्हील बदलायचं. आणि ड्युअल मास फ्लायव्हील असेल, तर ते लेथवर चढवण्याचा विचारच करू नये.

हत्यारांबद्दलचा सगळ्यात धोकादायक समज म्हणजे ‘स्टेपनीचा जॅक आहे ना!’ तो जॅक चाक बदलण्यापुरता आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली, मग तो ट्रॉली जॅक का असेना, कधीच शिरायचं नाही. वजन पेलण्याइतके दणकट स्टँड, ते लावण्यासाठी बॉडीवर ठरवून दिलेली जागा, जमिनीवरच्या चाकांना पुढूनमागून ठोकळे आणि खाली सपाट काँक्रीट, एवढं हवंच. सोसायटीच्या पार्किंगमधले पेव्हर ब्लॉक दबतात. पावसाळ्यात काळ्या मातीत तर स्टँड रुततोच. विटांचा ढीग रचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की वीट न सांगता फुटते. शिवाय छोट्या गाडीचा गिअरबॉक्सही तीसेक किलोचा असतो. तो छातीवर झेलायची गोष्ट नाही. गिअरबॉक्स जॅक भाड्याने आणा आणि मदतीला एक माणूस ठेवा. गिअरबॉक्स सुटला की इंजिन एका बाजूला झुकतं, त्यालाही आधार लागतो. एवढी सोय नसेल तर पार्ट स्वतः आणून काम गॅरेजला द्यावं, त्यात कमीपणा कसला?

बाकी हत्यारं साधी आहेत: गोटी पान्यांचा सेट, लांब एक्स्टेन्शन, रिंग पाने. ‘हाताच्या अंदाजाने कसलं तरी चालतं’ म्हणून टॉर्क रेंच टाळू नका. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत कसायचे, नाहीतर प्लेट वाकते. सेंटरिंगची दांडी अनेकदा किटमध्येच मिळते. ती न वापरता नजरेने प्लेट बसवली, तर गिअरबॉक्स शेवटच्या इंचावर अडून बसतो. इनपुट शाफ्टच्या दात्यांवर ग्रीसचा पुसटसा थर पुरे. जास्तीचं उडून प्लेटवर जातं.

घंटीतली काळी धूळ फुंकर किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या, स्वस्त लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा, ब्रेक क्लीनरने ओलं करून पुसा. काढलेलं गिअर ऑइल गटारात ओतू नका, तिथून ते नासर्डी नदीत आणि पुढे गोदावरीत जातं. डब्यात भरून जुनं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजला द्या.