वडिलांचा ‘डॉक्टर नो’

मालवणच्या खाऱ्या, दमट हवेत आमच्या व्हिडिओ-फितीला बुरशी लागली, तेव्हा वडील फार हळहळले. मुंबईच्या नोकरीत पाहिलेला त्यांचा लाडका ‘डॉक्टर नो’ तीत होता. चित्रपट १९६२ चा! मूळ निगेटिव्हची एकेक चौकट टिपून, ओरखडे पुसून तो पुन्हा लखलखीत झाला, आणि २०१२ साली बॉन्डचे २२ चित्रपट ब्लू-रे तबकड्यांवर एकत्र निघाले. मी तो संच आणला.

जमैकाचा समुद्र चमकला. नायिका शंख घेऊन पाण्यातून वर आली. आई म्हणाली, “चेडू आमच्या देवबागचा दिसता!” वडील नुसतेच हसले. मोतीबिंदूने त्यांना सारे धूसर होते, हे मला तेव्हा कळले.

शस्त्रक्रियेनंतर महिन्याने तीच तबकडी लावली. वडील पुटपुटले, “पाणी किती निळा आसा रे!”